शेतकरी कंपनीचं संकेतस्थळ करताय? काय घ्यायचं नाही ते आधी ठरवा

राळेगाव तालुक्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीचं काम हाती घेतलेल्या एका तरुण प्रोग्रामरचा प्रश्न असा आहे: सभासद नोंदणी, माल आणायचा नंबर आणि चुकाऱ्याची, म्हणजे विकलेल्या मालाच्या पैशांची, स्थिती एवढं संकेतस्थळावर हवंय. संचालक म्हणतात, आधार, सातबारा, पासबुक, सगळ्याचे फोटो एकदाच घेऊन ठेवा, पुढं कामात येतील. पुण्यातले मित्र म्हणतात, रिॲक्टशिवाय (संकेतस्थळाचे पडदे बांधायचं जावास्क्रिप्टचं तयार साधन) हल्ली कोणी काम करत नाही. नव्या डेटा कायद्यात २५० कोटींचा दंड आहे असं ऐकलं, ते खरं का? आणि शेवटी हा कोड माझा की कंपनीचा?

भाऊ, प्रश्न चार दिसतात, पण मला त्यात एकच आहे असं वाटतं. आपण एकट्यानं किती माहिती आणि किती कोड निगुतीनं सांभाळू शकतो, हा तो प्रश्न. मी सोळा वर्षं यवतमाळ जिल्ह्यातच जिनिंगच्या काट्यांसाठी, अडत्यांसाठी आणि अलीकडे शेतकरी कंपन्यांसाठी सॉफ्टवेअर लिहितोय. वकील नाही. कायद्याबद्दल जे सांगेन ते कलमं वाचून आणि करार करताना जे उपयोगी पडलं त्यावरून.

आधी माझ्या हातून झालेली एक चूक सांगतो, कारण पुढचं सगळं तिथूनच आलंय. काही वर्षांपूर्वी एका जिनिंगसाठी मी चुकारा बघायचं पान केलं. पावती क्रमांक टाकला की वजन, भाव, कपात आणि जमा झालेली रक्कम दिसायची. पावती क्रमांक ब्राउझरच्या पत्त्याच्या पट्टीत उघडा होता आणि क्रमानं वाढत जायचा. १०४२ च्या जागी १०४३ टाकलं की शेजाऱ्याचा चुकारा समोर. हे एका कृषी केंद्रवाल्याच्या लक्षात आलं. ज्यांच्याकडे बियाण्या-खताची उधारी होती त्यांचे चुकारे तो रोज रात्री बघू लागला. एका कास्तकाराच्या घरी पैसे जमा झाल्याच्या संध्याकाळीच तो जाऊन उभा राहिला. ते पैसे मुलीच्या कॉलेजच्या फीसाठी ठेवले होते. तो कास्तकार माझ्याकडं आला आणि एवढंच म्हणाला, "भाऊ, माहा चुकारा त्याले कसा मालूम पडला?" मला उत्तर देता आलं नाही.

तांत्रिक दुरुस्ती एका दुपारची होती. पान मागणाऱ्याला ती पावती बघायचा हक्क आहे का, हे सर्व्हरवर तपासायचं आणि पत्त्यात क्रमांकाऐवजी अंदाज न करता येणारी लांब अक्षरमाला ठेवायची. यातली पहिली गोष्ट सोडून फक्त दुसरी करणारे खूप भेटतात. ती अर्धीच दुरुस्ती आहे, कारण लिंक व्हॉट्सॲपवर फिरते. तुमच्या चुकारा पानावर हे पहिल्या दिवसापासून करा. सभासदांची नावं, मोबाइल, रकमा यांची जाहीर यादी टाकू नका, संचालकांनी "पारदर्शकता" म्हणून मागितली तरी. गावात कोणाच्या घरी आज पैसे आले, ही माहिती सातबाऱ्याहून नाजूक असते.

आता काय घ्यायचं ते. हे कंपनीच्या कामावर अवलंबून आहे. कंपनी स्वतः माल विकत घेऊन चुकारा देते का, की फक्त माल एकत्र करून दुसऱ्याला देते? एखाद्या योजनेच्या अनुदानासाठी कागद द्यावे लागतात का? कार्यालयात रोज बसणारा माणूस आहे का? ही उत्तरं मला माहीत नाहीत, म्हणून आकडा सांगत नाही, पद्धत सांगतो. संचालकांसोबत बसा आणि प्रत्येक रकान्यासमोर विचारा: हे कोण वाचणार, आणि कोणत्या दिवशी? ज्याला उत्तर येत नाही तो रकाना काढा. चुकारा बँकेत टाकायचा असेल तर खाते क्रमांक आणि आयएफएससी लागतंच. पासबुकाचा फोटो मात्र एकदा ताडून बघण्यापुरता लागतो. उत्पादक कंपनीचा सभासद उत्पादक असावा लागतो, म्हणून सातबारा बघा, गट क्रमांक टिपा, कागद परत द्या. कोणी बघितलं आणि कधी, हे दोन रकाने ठेवा. पुढं वाद झाला तर फोटोंच्या ढिगापेक्षा तेच कामी येतात.

आधारबद्दल मी ठाम आहे. २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं आधार कायद्याच्या कलम ५७ मधला खासगी कंपन्यांना वाट देणारा भाग रद्द केला. २०१९ च्या दुरुस्तीनं स्वेच्छेनं ओळख पटवण्याची सोय ठेवली, पण "आधार नाही तर सभासदत्व नाही" असं म्हणायचा अधिकार त्यातून तुमच्या संचालकांना मिळत नाही. सरकारी कापूस निगमच्या (सीसीआय) खरेदीसाठी जी नोंदणी लागते ती कास्तकार निगमच्या ॲपवर स्वतः करतो. तिथलं आधार तुमच्या डेटाबेसात आणायचं कारण नाही. ओळख बघायचीच असेल तर शेवटचे चार अंक दाखवणारं झाकलेलं आधार बघा आणि परत करा.

दंडाचं खरं आहे, पण पूर्ण वाचा. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याला ११ ऑगस्ट २०२३ ला राष्ट्रपतींची संमती मिळाली, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ पासून लागू होतात. २५० कोटी ही कमाल मर्यादा आहे, आणि ती माहितीच्या सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्याबद्दल आहे. रक्कम ठरवताना चुकीचं गांभीर्य, किती काळ चालली, नुकसान कमी करायला काय केलं, हे डेटा संरक्षण मंडळानं बघायचं आहे. तालुक्याच्या कंपनीला उद्या २५० कोटींची नोटीस येईल असं समजून झोप घालवू नका. मे २०२७ पर्यंत मोकळं रान आहे असंही समजू नका. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३-अ खालचे २०११ चे नियम बँक खात्याच्या तपशिलाला संवेदनशील माहिती धरतात. आणि सायबर घटना कळल्यापासून ६ तासांत सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा यंत्रणेला कळवायचं, संगणक प्रणालीच्या १८० दिवसांच्या नोंदी ठेवायच्या, हा आदेश एप्रिल २०२२ मध्येच निघालाय.

नव्या डेटा कायद्यातली दोन कलमं तुमच्या कामाची आहेत. एक, माहिती कशासाठी घ्यायची हे जो ठरवतो तो जबाबदार, म्हणजे कंपनी. तुम्ही तिच्या वतीनं माहिती हाताळणारे. पण त्यासाठी वैध करार लागतो, आणि तो लेखीच करा. तोंडी "करून दे ना भाऊ" यावर काम करू नका. दुसरं, संमती मागताना कोणती माहिती आणि कशासाठी हे साध्या भाषेत सांगायचं, आणि ते इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांपैकी कोणत्याही भाषेत वाचायची सोय द्यायची. मराठी त्यात आहे. म्हणून फॉर्मच्या वर चार ओळी मराठीत लिहा: "तुमचा बँक खाते क्रमांक चुकारा जमा करण्यासाठी घेत आहोत. मोबाइल क्रमांक, माल आणायचा नंबर लागल्याचं कळवण्यासाठी. सभासदत्व सोडल्यावर काढून टाकायला या क्रमांकावर सांगा." कायद्यातच एक उदाहरण दिलंय: दूरवैद्यक सेवेच्या ॲपनं उपचाराच्या संमतीबरोबर फोनमधल्या संपर्क यादीचीही संमती घेतली, तर यादीपुरती ती संमती धरली जात नाही, कारण उपचाराला यादी लागत नाही. संचालकांना हे उदाहरण वाचून दाखवा. माझ्या अनुभवात बैठकीत तेवढ्यानं निम्मे रकाने गळतात.

आता ज्याबद्दल कोणी बोलत नाही आणि जिथं आपली कामं खरी फसतात, ते म्हणजे मराठी मजकूर. हे मी जरा लांबवून सांगणार आहे.

कंपनीकडं जुन्या याद्या असतील तर त्या बहुतेक कृतिदेव किंवा श्रीलिपी या जुन्या फॉन्टांत असतील. त्या पडद्यावर मराठी दिसतात, पण आत रोमन अक्षरं असतात. आधी युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या प्रमाणात, बदला, आणि बदलल्यावर एका माणसाला बसवून नावं वाचून घ्या, कारण रूपांतरकं जोडाक्षरांत चुकतात. मग सगळीकडं यूटीएफ-८ ही युनिकोड साठवायची पद्धत ठेवा: पान, जोडणी, डेटाबेस. मायएसक्यूएल असेल तर यूटीएफ-८-एमबी-४ निवडा. एखादं जुनं टेबल लॅटिन-१ मध्ये राहिलं की गजानन आत जातो आणि बाहेर प्रश्नचिन्हं येतात. एकदा तसं जतन झालं की मूळ नाव परत मिळत नाही.

"शेतकऱ्यांची" हा शब्द घ्या. डोळ्यांना पाच अक्षरं दिसतात, युनिकोडमध्ये ती ११ चिन्हं आहेत, आणि यूटीएफ-८ मध्ये ३३ बाइट. त्यातला अर्धा र, म्हणजे ऱ्या मधला, दोन रीतींनी टाइप होतो. एका कीबोर्डवरून ऱ हे नुक्तावालं अक्षर आणि हलन्त येतो, दुसऱ्यावरून साधा र, हलन्त आणि मधे न दिसणारं झीरो विड्थ जॉइनर. दिसायला दोन्ही सारखे. संगणकाला दोन वेगळे शब्द. युनिकोडचं एनएफसी सामान्यीकरण, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एक करणारी ठरलेली प्रक्रिया, या दोघांना एक करत नाही. ॲ चंही तसंच: एका फोनवरून ते एकच अक्षर येतं, दुसऱ्यावरून अ आणि वर चंद्र असं. ज्या कंपनीच्या नावातच "शेतकऱ्यांची" आहे तिच्या संकेतस्थळावर शोध लागत नव्हता आणि मी दोन दिवस डेटाबेसाला दोष देत बसलो होतो.

उपाय असा. माणसानं लिहिलेलं नाव जसंच्या तसं ठेवा, त्याला हात लावू नका. शेजारी शोधासाठी वेगळा रकाना करा, आणि त्यात एनएफसी करून, दोन्ही अर्ध्या र चं एक रूप करून, जादा मोकळ्या जागा काढून नाव ठेवा. शोधणाऱ्याच्या शब्दावरही तीच प्रक्रिया करा. यादी नावानुसार लावायची असेल तर मराठीचा क्रम सांगा, नाहीतर ळ हा ल च्या मागोमाग येईल, आणि आपल्या वर्णमालेत तो ह च्या नंतर आहे. पानाची भाषा एचटीएमएलच्या लँग गुणधर्मात हिंदी न ठेवता मराठी लिहा. फॉन्टमध्ये सोय असेल तर ल आणि श मराठी वळणाचे दिसतात, आणि अंध वापरणाऱ्याचं वाचक-सॉफ्टवेअर मराठी आवाज निवडतं.

आकड्यांचंही सांगतो. मराठी कीबोर्ड उघडा असला की माणूस ९८ असं लिहितो. जावास्क्रिप्टमधला बॅकस्लॅश-डी हा अंक तपासायचा नियम देवनागरी अंक ओळखत नाही आणि फॉर्म "चुकीचा क्रमांक" म्हणून त्याला परत पाठवतो. पायथन ३ मध्ये तोच नियम देवनागरी अंक मान्य करतो. म्हणजे ब्राउझरवर अडतं आणि सर्व्हरवर जातं, किंवा उलट. सर्व्हरवर आल्याबरोबर सगळे अंक एका रूपात आणा, मगच तपासा. मोबाइल आणि खाते क्रमांकाच्या रकान्याला एचटीएमएलचा नंबर हा प्रकार देऊ नका, ते मोजायचे आकडे नाहीत. खाते क्रमांकाच्या सुरुवातीचं शून्य त्यात हरवतं. टेल किंवा साधा मजकूर ठेवा आणि इनपुटमोडनं अंकांचा कीबोर्ड उघडा.

आणि भाऊ, मोबाइल नंबरला युनिकची, म्हणजे एका नंबरावर एकच सभासद अशी, अट घालू नका. तीन भाऊ, एक फोन, आणि तोही पुतण्याकडं, हे आपल्याकडं नवल नाही. अट घातली की तिसऱ्या भावाची नोंदणी अडते आणि तो समजतो कंपनीनं नाकारलं. त्याच कारणानं ओटीपी आला म्हणजे समोर तोच माणूस आहे असं धरू नका. रक्कम बघण्यापुरता ओटीपी ठीक. बँक खातं बदलायचं असेल तर माणूस कार्यालयात यावा, जुन्या नोंदीशी पडताळून कोणीतरी सही करावी.

मराठी एसएमएसचं गणितही आधीच करून ठेवा. इंग्रजी संदेशात १६० अक्षरं बसतात, देवनागरीत ७०, आणि लांब संदेश तुटला की प्रत्येक तुकड्यात ६७. "आपल्या कापसाचा चुकारा खात्यात जमा झाला आहे" याच्यापुढं कंपनीचं नाव आणि रक्कम टाकली की दुसरा तुकडा सुरू होतो आणि खर्च दुप्पट. शिवाय दूरसंचार नियामक ट्रायच्या २०१८ च्या नियमांनुसार पाठवणाऱ्याचं नाव आणि संदेशाचा साचा आधी नोंदवावा लागतो. त्याला दिवस लागतात. हंगाम सुरू झाल्यावर धावपळ होते.

रिॲक्टचं उत्तर यानंतर छोटं आहे. रिॲक्ट वाईट नाही. कार्यालयात बसून दिवसभर नोंदी करणाऱ्या माणसाच्या पडद्याला तो शोभेल. पण सभासदाचं पान म्हणजे एक फॉर्म आणि एक रक्कम. जिनिंगच्या बाहेर रात्री ट्रॅक्टरच्या रांगेत, एक काडी रेंजवर, चार वर्षं जुन्या फोनवर ते उघडायचं आहे. मी अशा पानाला सगळं धरून १०० केबीच्या वर जाऊ देत नाही. साधा एचटीएमएल फॉर्म सर्व्हरला जातो, उत्तर येतं, जावास्क्रिप्ट अडकली तरी चालतं. बाहेरची पॅकेजं जितकी कमी तितकं बरं. मार्च २०१६ मध्ये लेफ्ट-पॅड नावाचं ११ ओळींचं पॅकेज त्याच्या लेखकानं एनपीएम या पॅकेजांच्या भांडारावरून काढलं आणि जगभरातल्या मोठमोठ्या प्रकल्पांची बांधणी थांबली. त्यांच्याकडं ते दुरुस्त करायला टीम होत्या. तुम्ही एकटे आहात, आणि तुमचा वर्दळीचा काळ दिवाळी ते संक्रांत आहे.

एक गोष्ट मात्र फ्रेमवर्क असो-नसो कराच. रेंज गेली की माणूस "नंबर लावा" वर तीनदा दाबतो. प्रत्येक फॉर्मसोबत एकदाच वापरता येणारी खूण पाठवा. तीच खूण दुसऱ्यांदा आली तर नवा नंबर देऊ नका, पहिलाच दाखवा. नाहीतर एकाच गाडीचे तीन नंबर लागतात, आणि भांडण गेटवर होतं, कार्यालयात नाही. अर्धवट भरलेला फॉर्म फोनमध्ये साठवून ठेवायचा मोह होईल, पण सेवा केंद्रावरच्या एकाच फोनवरून दहा जण भरतात. एकाचं खातं दुसऱ्याला दिसेल. बँकेचे रकाने त्यातून वगळा.

रंग आणि अक्षरांचा आकारही मनावर घ्या. उन्हात फिकट राखाडी अक्षर दिसत नाही. डब्ल्यूसीएजी हे वेब सुगमतेचं प्रमाण साध्या मजकुराला ४.५ ला १ इतका तरी फरक मागतं. प्रत्येक रकान्याला खरं लेबल द्या, आतला फिकट मजकूर लेबल नव्हे. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा आहे, आणि ३० एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं डिजिटल केवायसीच्या प्रकरणात डिजिटल सेवा वापरता येणं हे जगण्याच्या हक्काशी जोडलं. त्या प्रकरणात कॅमेऱ्यासमोर पापणी मिटून दाखवता न येणारी माणसं होती. तुमच्या सभासदांत मोतीबिंदू झालेली माणसं आहेतच.

कोड कोणाचा, हे करारावर आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्राम साहित्यकृतीत धरलाय. नोकरीत लिहिलेला कोड, वेगळं ठरलं नसेल तर, मालकाचा. तुमच्यासारख्या स्वतंत्र कंत्राटदाराचा कोड, लिहून दिला नसेल तर, तुमचा. हक्क द्यायचा तर लेखी द्यावा लागतो, आणि त्यात मुदत नसेल तर ५ वर्षं, प्रदेश नसेल तर भारतापुरता धरला जातो. मी असं लिहितो: कंपनीला कायम वापरायचा आणि दुसऱ्याकडून बदलून घ्यायचा हक्क, सोर्सची प्रत तिच्याकडं, आणि माझे सामाईक भाग दुसरीकडं वापरायचा हक्क माझा. डोमेन कंपनीच्या नावावर, कंपनीच्या ईमेलवर घ्या. तुमच्यात आणि त्यांच्यात उद्या बिनसलं तरी कास्तकारांचं पान बंद पडू नये. इंटरनेटवरून उचललेल्या कोडला परवाना नसेल तर तो मोकळा नसतो, सगळे हक्क लिहिणाऱ्याचे असतात. एमआयटी हा खुला परवाना असेल तर त्याची सूचना सोबत ठेवा. जीपीएल असेल तर प्रत देताना सोर्स द्यायची तयारी ठेवा, आणि एजीपीएलमध्ये ती अट नेटवरून वापरणाऱ्यांपर्यंत जाते.

पहिली वेचणी व्हायच्या आधी फॉर्म एका सभासदाच्या हातात, त्याच्याच फोनवर द्या. बांधावर उभं राहून. तुम्ही बोलू नका, बोट दाखवू नका, तो कुठं थांबतो ते टिपा. मग तो फॉर्म मलाही पाठवा, मी बघून सांगतो. फक्त त्यात खऱ्या सभासदांची नावं-खाती ठेवू नका, चाचणीसाठी बनवलेलीच टाका, आणि एका नावात ऱ्या असू द्या.